पंख्याच्या पट्ट्याचा योग्य ताण

वाराणसी शहरासमोर, गंगेच्या दुसऱ्या तीरावर, रामनगरचा किल्ला उभा आहे. अठराव्या शतकात बांधलेल्या या किल्ल्याच्या वस्तुसंग्रहालयात पालख्या, अंबाऱ्या आणि जुनी शस्त्रास्त्रे यांच्या जोडीला काही जुन्या मोटारगाड्याही ठेवलेल्या आहेत. संग्रहालयातील गाडी एका जागी उभी असते. तिची धूळ झटकली आणि रंग सांभाळला की तिची निगा पुरी झाली. पण जी जुनी गाडी अजूनही रस्त्यावर धावते, तिची गोष्ट निराळी आहे. तिच्या यंत्राचा प्रत्येक भाग आपले काम बिनचूक करीत राहिला पाहिजे, आणि एखादा भाग मोडला तर त्याच्या जागी दुसरा मिळणे सोपे नसते.

अशा गाडीतील एक अगदी साधा, स्वस्त आणि म्हणूनच दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे पंख्याचा पट्टा. रबर आणि सुती किंवा कृत्रिम धाग्यांचा बनविलेला हा बंद वेढा हाताच्या बोटाएवढाही रुंद नसतो. तथापि त्याचा ताण जरुरीपेक्षा कमी असला तर इंजिन तापून निकामी होऊ शकते. जरुरीपेक्षा जास्त असला तर पंपाची आणि डायनॅमोची बेअरिंगे अकाली झिजतात. योग्य ताण म्हणजे नेमका किती, तो का, आणि तो कसा मोजावा, याचा विचार या लेखात केला आहे.

पट्ट्याकडे सोपविलेली कामे

विवेचनासाठी एक ठरावीक गाडी घेणे सोयीचे होईल. ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एम. जी. बी. ही दोन आसनांची वेगवान गाडी जगभरच्या हौशी लोकांनी आजही जपून ठेवली आहे. तिचे इंजिन १७९८ घन सेंटिमीटरचे असून ते 'बी मालिका' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंजिनांपैकी आहे. भारतीय वाचकाला हे इंजिन वाटते तितके परके नाही. कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथील कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अँबॅसडर गाडीला अनेक वर्षे १४८९ घन सेंटिमीटरचे जे पेट्रोल इंजिन बसविले जात असे, तेही याच मालिकेतील होते. वाराणसीच्या रस्त्यांवर एके काळी सर्वत्र दिसणारी टॅक्सी आणि इंग्लंडमधील वेगवान गाडी ही एकाच घराण्यातील भावंडे होत. त्यामुळे एकीच्या पट्ट्याविषयी जे सांगितले जाईल ते बहुतांशी दुसरीलाही लागू पडते.

इंजिनाच्या पुढच्या बाजूस तीन पुल्या एका त्रिकोणाच्या कोनांवर बसविलेल्या असतात. खालची पुली क्रँकशाफ्टवर असते व ती इंजिनाबरोबर फिरते. वरची पुली पाण्याच्या पंपाची असून तिच्याच दांड्यावर पुढे पंखा जोडलेला असतो. तिसरी पुली बाजूच्या डायनॅमोची असते. १९६७ च्या सुमारास एम. जी. बी. गाडीत डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर आला, पण पट्ट्याची मांडणी तीच राहिली. या तिन्ही पुल्यांभोवती एकच पट्टा फिरतो. म्हणजे रेडिएटरमधून हवा ओढणे, इंजिनात पाणी फिरविणे आणि बॅटरी भरण्यासाठी वीज निर्माण करणे ही तिन्ही कामे या एका पट्ट्यावर अवलंबून असतात.

यांपैकी पहिल्या दोन कामांचे महत्त्व वाराणसीसारख्या ठिकाणी विशेष जाणवते. पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांशाहून कमी भागाचेच रूपांतर उपयुक्त कार्यात होते. बाकीचा बराचसा भाग थंड करणाऱ्या पाण्यातून बाहेर टाकावा लागतो. ही उष्णता रेडिएटरमधील पाण्याकडून हवेकडे जाते, आणि ती किती वेगाने जाईल हे पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. समजा, रेडिएटरमधील पाणी ९५ अंश सेल्सिअस आहे. जानेवारीच्या दुपारी हवा २० अंश असेल तर फरक ७५ अंशांचा पडतो. मे महिन्यात हवा ४५ अंशांपर्यंत तापली की हाच फरक ५० अंशांवर येतो. याचा अर्थ असा की, तेवढीच हवा रेडिएटरमधून वाहत असूनही ती एक तृतीयांश कमी उष्णता नेते.

शिवाय मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला समोरून वारा आपोआप मिळतो. गोदौलियाच्या गर्दीत सायकलरिक्षांच्या मागून पावलापावलाने सरकणाऱ्या गाडीला तो मिळत नाही. तेथे रेडिएटरला केवळ पंख्याचाच आधार असतो, आणि पंख्याला पट्ट्याचा.

घाटावरचा दोर आणि घर्षणाचा नियम

पट्टा पुलीला फिरवितो तो घर्षणाच्या जोरावर. दोघांमध्ये दाते नसतात, खिळा नसतो, चिकटपणाही नसतो. मग एवढी शक्ती एका पुलीकडून दुसरीकडे जाते कशी? याचे उत्तर वाराणसीच्या कोणत्याही घाटावर पाहावयास मिळते.

पावसाळ्यात गंगेला ओढ असते. प्रवाहात असलेली जड होडी नुसत्या हाताने धरून ठेवणे एकट्या माणसाला शक्य नसते. परंतु तोच नावाडी दोराचे दोन-तीन वेढे घाटावरील खुंटाला देतो आणि दोराचे मोकळे टोक हलक्या हाताने धरून होडी थोपवितो. नावाड्याची शक्ती वाढलेली नसते. दोर आणि खुंट यांमधील घर्षण त्याच्या मदतीला आलेले असते.

या घटनेमागील गणित अठराव्या शतकात स्विस गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर याने मांडले. दोराच्या दोन टोकांवरील ताणांचे गुणोत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असते: एक घर्षणांक, आणि दुसरी दोर खुंटाला किती अंशांतून वेढतो ती. खुंटाची जाडी यात मुळीच येत नाही. घर्षणांक ०.३ धरला तर अर्ध्या वेढ्याने एका टोकावरील ताण दुसऱ्याच्या सुमारे २.६ पट होऊ शकतो. एका पूर्ण वेढ्याने ६.६ पट, दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पट आणि तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट. प्रत्येक वेढ्याबरोबर येथे बेरीज होत नसून गुणाकार होत जातो, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या नियमाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गुणाकार कितीही मोठ्या संख्येने केला तरी मूळ संख्या शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. नावाड्याने मोकळे टोक पूर्णपणे सोडून दिले तर दोर सरकू लागतो आणि होडी वाहून जाते. तद्वतच पट्ट्याच्या सैल बाजूला काहीच ताण नसेल तर ताणलेल्या बाजूलाही ओढ येऊ शकत नाही, आणि पुली पट्ट्याखाली नुसती घसरत राहते. म्हणूनच गाडी सुरू करण्यापूर्वीच पट्ट्यात काही ताण भरून ठेवावा लागतो. या आधी भरलेल्या ताणालाच व्यवहारात 'पट्टा ताणणे' असे म्हणतात.

खाचेची करामत

पिठाच्या गिरणीतील जुना पट्टा चपटा असतो व तो गुळगुळीत पुलीवरून फिरतो. मोटारीतील पट्ट्याचा छेद मात्र पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली अरुंद असतो, आणि तो तशाच आकाराच्या खाचेत बसतो. अशा पट्ट्याचा प्रसार १९१७ नंतर झाला. त्या वर्षी अमेरिकेतील डेन्व्हर शहरी जॉन गेट्स याने रबर आणि धागा यांचा पाचरीच्या आकाराचा पट्टा सिद्ध केला.

लाकूड फोडताना पाचरीवर थोडा घाव घातला तरी ती दोन्ही बाजूंना मोठ्या जोराने दाब देते. पट्ट्याचेही तसेच होते. ताणामुळे तो खाचेत आत ओढला जातो आणि खाचेच्या दोन्ही कडांवर दाबला जातो. खाचेच्या दोन कडांमधील कोन ३६ अंशांचा असेल तर हा दाब सपाट पुलीवरील दाबाच्या सुमारे ३.२ पट होतो. परिणामी घर्षणांक ०.३ ऐवजी जवळजवळ ०.९७ असल्याप्रमाणे पट्टा वागू लागतो.

याचा फायदा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पट्टा पुलीला १२० अंशांतून वेढतो आणि पुली फिरविण्यासाठी दोन बाजूंच्या ताणांमध्ये १० किलोग्रॅम भाराचा फरक हवा आहे. चपट्या पट्ट्याच्या बाबतीत दोन ताणांचे गुणोत्तर जास्तीत जास्त १.८७ होऊ शकते. म्हणून एका बाजूला निदान २१.५ आणि दुसऱ्या बाजूला ११.५ किलोग्रॅम ताण ठेवावा लागेल. पाचरीसारख्या पट्ट्यात हेच गुणोत्तर ७.६ पर्यंत जाते, तेथे ११.५ आणि १.५ किलोग्रॅम पुरतात. दोन्ही बाजूंचा एकूण ताण पहिल्या प्रकारात ३३ आणि दुसऱ्या प्रकारात अवघा १३ किलोग्रॅम आहे. काम तेवढेच, पण बेअरिंगांवर पडणारा भार निम्म्याहूनही कमी झाला.

ही करामत साधण्यासाठी पट्टा खाचेच्या कडांवर टेकलेला असला पाहिजे. पट्टा झिजून अरुंद झाला, किंवा खाच झिजून रुंद झाली, की पट्टा तळाशी जाऊन बसतो. मग पाचरीचा गुण नाहीसा होऊन तो चपट्या पट्ट्यासारखा वागू लागतो. खाचेचा तळ घासून चकचकीत झालेला दिसला तर पट्टा किंवा पुली बदलण्याची वेळ आली असे समजावे. अशा पट्ट्याला कितीही ताण दिला तरी उपयोग होत नाही.

सैल पट्ट्याचे परिणाम

ताण अपुरा असला म्हणजे पट्टा घसरू लागतो. इंजिन संथ चालत असताना हे बहुधा लक्षात येत नाही, कारण पंख्याला लागणारी शक्ती तेव्हा थोडी असते. परंतु पंख्याचा वेग दुप्पट झाला तर त्याला लागणारी शक्ती दुपटीने नव्हे, तर आठपटीने वाढते. त्यामुळे इंजिनाचा वेग एकदम वाढविताच सैल पट्टा कर्कश आवाज करतो. रात्री दिवे लावल्यावर डायनॅमोवरील भार वाढतो व तोच आवाज पुन्हा ऐकू येतो.

वेगाबरोबर आणखी एक अडचण उभी राहते. फिरणारी प्रत्येक वस्तू केंद्रापासून दूर फेकली जाऊ पाहते. पट्टाही पुलीवरून वळताना बाहेरच्या बाजूला उचलला जातो आणि खाचेवरील त्याचा दाब कमी होतो. खालच्या पुलीचा व्यास १२.५ सेंटिमीटर असेल आणि इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असतो. पट्ट्याच्या एका मीटर लांबीचे वजन १०० ग्रॅम धरले तर या वेगाला सुमारे ४ किलोग्रॅम ताण केवळ पट्ट्याला वर्तुळात वळविण्यातच खर्च होतो. वेग दुप्पट झाला की हा आकडा चौपट, म्हणजे १६ किलोग्रॅम होतो. गाडी उभी असताना पुरेसा वाटणारा ताण भरधाव वेगात अपुरा का पडतो, याचे हे कारण आहे.

घसरणारा पट्टा घर्षणाने तापतो. त्याच्या कडा कडक होऊन त्यांवर काचेसारखी झिलई येते. झिलई आली की घर्षण कमी होते. घर्षण कमी झाले की पट्टा अधिक घसरतो. एकदा सुरू झालेला हा बिघाड अशा रीतीने स्वतःच वाढत जातो. दरम्यान पाण्याचा पंप मंदावतो, पंखा मंदावतो आणि पाणी उकळू लागते. इंजिनाच्या माथ्यावरील भाग तापून वाकडा झाला तर त्याच्या खालचे गॅस्केट फुटते. काही मिनिटांच्या दुर्लक्षामुळे झालेली ही हानी भरून काढण्यास पुष्कळ श्रम आणि पैसा खर्च होतो, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत ती कधी कधी भरून निघतही नाही.

उकळत्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडणे अत्यंत धोक्याचे असते. झाकणामुळे आतील पाणी दाबाखाली असते व म्हणून ते १०० अंशांहून अधिक तापू शकते. झाकण काढताच दाब नाहीसा होतो आणि उकळते पाणी वाफेसह अंगावर उसळते. इंजिन पूर्ण थंड होऊ देणे हाच त्यावर एकमेव उपाय आहे.

अति ताणाचे परिणाम

सैल पट्ट्याचे दुष्परिणाम ऐकून पट्टा जितका घट्ट तितका चांगला असे कोणास वाटेल. परंतु अति ताणाची हानी आवाज न करता होते, आणि म्हणूनच ती अधिक फसवी आहे.

पट्ट्याच्या दोन्ही बाजू पुलीला एकाच दिशेने ओढतात. त्यांची ओढ पुलीच्या दांड्यावर, आणि दांड्याकडून बेअरिंगवर पडते. ताण दुप्पट केला तर बेअरिंगवरील हा भार दुप्पट होतो. बॉल बेअरिंगचे आयुष्य मात्र निम्मे होत नाही. ते भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे दुप्पट भाराखाली ते सुमारे एक अष्टमांशावर येते. जी बेअरिंगे आठ वर्षे टिकावयाची ती एका वर्षात निकामी होऊ शकतात. पाण्याच्या पंपात बेअरिंग सैल झाले की दांडा डुगडुगू लागतो, पाणी अडविणारी सील झिजते आणि गळती सुरू होते. ज्या पाण्याच्या रक्षणासाठी पट्टा घट्ट केला तेच पाणी अशा रीतीने वाहून जाते.

यावरून योग्य ताणाची व्याख्या करता येते. सर्वांत प्रतिकूल परिस्थितीत पट्टा घसरू न देणारा जो कमीत कमी ताण, तो योग्य ताण होय. त्याहून कमी ताण इंजिनाला घातक, आणि त्याहून फार जास्त ताण बेअरिंगांना घातक.

ताण मोजण्याची युक्ती

पट्टा न कापता त्याच्यातील ताण मोजावयाचा कसा? सतारीची तार जुळविणारा वादक तार छेडून स्वर ऐकतो. मोटारीच्या पट्ट्यासाठी याहूनही सोपा मार्ग आहे. दोन पुल्यांमधील पट्ट्याच्या सर्वांत लांब भागाच्या मध्यावर दाब द्यावा आणि पट्टा किती दबतो ते पाहावे. ताण जास्त असेल तर तो कमी दबेल आणि ताण कमी असेल तर जास्त दबेल.

एम. जी. बी. गाडीसाठी हा आकडा अर्धा इंच, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर, असा दिलेला आहे. दाब 'मध्यम' असावा असे सांगितलेले असते. येथेच चुकीला वाव राहतो. सराईत मिस्त्रीच्या अंगठ्याचा मध्यम दाब आणि विद्यार्थ्याच्या बोटाचा मध्यम दाब हे सारखे नसतात. म्हणून दाबाचेही माप ठरविणे इष्ट होय.

यासाठी लागणारे सूत्र साधे आहे. पट्ट्याच्या मोकळ्या भागाच्या लांबीला मध्यावरील दाबाने गुणावे, आणि येणाऱ्या संख्येला पट्टा जितका दबला त्याच्या चौपटीने भागावे. उत्तर म्हणजे पट्ट्यातील ताण. मोकळा भाग ३०० मिलिमीटर असेल, दाब ३ किलोग्रॅम असेल आणि पट्टा १३ मिलिमीटर दबला असेल, तर ३०० गुणिले ३, भागिले ५२, म्हणजे सुमारे १७ किलोग्रॅम ताण आहे असे समजावे. त्याच दाबाने पट्टा २६ मिलिमीटर दबला तर ताण ९ किलोग्रॅमहूनही कमी आहे. आणि अवघा ६.५ मिलिमीटर दबला तर ताण जवळजवळ ३५ किलोग्रॅमवर गेला आहे. हे सूत्र पट्टा लांबीच्या मानाने थोडाच दबत असेल तेव्हा लागू पडते, आणि पट्ट्याचा स्वतःचा ताठरपणा त्यात धरलेला नाही. व्यवहारासाठी मात्र ते पुरेसे आहे.

मधल्या आकड्याची सांगड पूर्वीच्या हिशेबाशी घालता येते. पुली फिरविण्यासाठी दोन बाजूंची सरासरी ६.५ किलोग्रॅम लागली होती, आणि वळणासाठी ४ किलोग्रॅम. दोन्ही मिळून १०.५ किलोग्रॅम होतात. अचानक वाढणारा वेग, पावसाचे उडालेले पाणी आणि पट्ट्याचे वय यांसाठी काही राखीव ठेव धरली, म्हणजे १७ किलोग्रॅमचा आकडा वाजवी ठरतो. प्रत्येक गाडीच्या पुल्यांतील अंतर आणि पट्ट्यावरील भार वेगळा असल्यामुळे त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडाच प्रमाण मानला पाहिजे.

ताण बसविण्याची रीत

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, किल्ली काढून घ्यावी आणि बॅटरीची जोडणी सोडवावी. उपरणे, ओढणी, सैल बाह्या किंवा गळ्यातील साखळी पट्ट्याजवळ कधीही येऊ देऊ नये.

प्रथम पट्टा नीट पाहावा. त्याला भेगा पडल्या असतील, धागे सुटले असतील, तेल लागले असेल किंवा कडांवर झिलई आली असेल, तर तो ताणण्यात अर्थ नाही, नवा घालावा. त्यानंतर तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत हे सरळ पट्टी लावून तपासावे. एखादी पुली तिरकी असेल तर पट्ट्याची एकच कड झिजत जाते.

डायनॅमो वरच्या बाजूस दोन बोल्टांवर बिजागरीसारखा टांगलेला असतो, आणि खालच्या बाजूस लांबट छिद्र असलेल्या एका पट्टीने धरून ठेवलेला असतो. हे वरचे दोन बोल्ट आणि पट्टीच्या दोन्ही टोकांचे नट व बोल्ट पान्याने थोडे सैल करावेत. पूर्ण काढू नयेत. मग डायनॅमो हाताने इंजिनापासून दूर ओढावा. एवढ्यानेच पट्टा ताणला जातो. जोर लावण्यासाठी लोखंडी पहारीचा उपयोग करू नये. तरफेने हाताची शक्ती अनेक पटींनी वाढते व किती ताण दिला गेला हे कळत नाही. शिवाय डायनॅमोचे आवरण दबण्याची भीती असते. आल्टरनेटरचे आवरण ॲल्युमिनियमचे असल्याने तेथे ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

डायनॅमो त्या स्थितीत धरून खालचा बोल्ट प्रथम आवळावा, नंतर बाकीचे. आवळताना डायनॅमो किंचित सरकतो, म्हणून सर्व बोल्ट आवळून झाल्यावर माप पुन्हा घ्यावे. शेवटी पंख्याचे पाते धरून फिरवून पाहावे. साधारण जोराने पंख्याची पुली पट्ट्याखाली घसरत असेल तर ताण अजून कमी आहे.

नवा पट्टा पहिल्या काही तासांच्या वापरात थोडा लांबतो आणि खाचेत नीट बसतो, त्यामुळे त्याचा ताण उतरतो. यासाठी पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर तो पुन्हा तपासणे अगत्याचे आहे. पिठाच्या गिरणीत घसरणाऱ्या पट्ट्याला राळ लावण्याची चाल आढळते. मोटारीच्या पट्ट्याला राळ, साबण किंवा तेल यांपैकी काहीही लावू नये. आवाज थांबला तरी दोष जात नाही, आणि रबर मात्र खराब होते.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

ताणाचे सूत्र पडताळून पाहण्यास मोटारीची गरज नाही. एका टेबलाच्या काठाजवळ खिळा ठोकून त्याला मजबूत दोरी बांधावी. दोरी ६० सेंटिमीटर अंतरावरील एका लहान पुलीवरून नेऊन तिच्या टोकाला २ किलोग्रॅमचे वजन टांगावे. हे वजन म्हणजेच दोरीतील ताण. आता दोरीच्या मध्यावर १०० ग्रॅमचे वजन अडकवून दोरी किती खाली येते ते मोजावे. सूत्राप्रमाणे ती ७.५ मिलिमीटर खाली यावयास हवी. टांगलेले वजन ४ किलोग्रॅम केले की हे अंतर निम्मे होईल.

दुसऱ्या प्रयोगासाठी टेबलाच्या गोल पायासारखा आडवा गुळगुळीत दांडा आणि एक स्प्रिंगकाटा पुरतो. दोरीच्या एका टोकाला वजन बांधावे, दोरी दांड्यावरून घ्यावी आणि दुसरे टोक काट्याला अडकवावे. वजन सरकू न देता काटा हळूहळू सैल सोडून कमीत कमी आकडा टिपावा. प्रथम अर्धा वेढा, मग दीड आणि मग अडीच वेढे घेऊन हीच कृती करावी. प्रत्येक वेळी आकडा किती झपाट्याने उतरतो हे पाहिले, म्हणजे घाटावरील नावाड्याचे रहस्य विद्यार्थ्यांना हाताने अनुभवता येईल.

पट्ट्याची जागा घेणारी साधने

पट्ट्यावर चालणाऱ्या पंख्यात एक उणीव आहे. इंजिन थंड असले तरी तो फिरतच राहतो आणि शक्ती खातो. मोठ्या यंत्रांत ही उणीव दूर करण्याचे निरनिराळे उपाय योजले गेले. वाराणसी येथील डिझेल रेल्वे इंजिनांचा कारखाना १९६१ मध्ये स्थापन झाला, तेथून पहिले इंजिन १९६४ च्या जानेवारीत बाहेर पडले, आणि २०२० पासून तो बनारस रेल्वे इंजिन कारखाना या नावाने ओळखला जातो. तेथे तयार झालेल्या डब्ल्यू. डी. एम.-२ जातीच्या इंजिनात रेडिएटरचा पंखा विद्युत्चुंबकीय क्लचमार्फत फिरत असे. पाणी तापले की पंखा सुरू होई आणि निवले की थांबे. मोटारींतही पुढे विजेवर चालणारे व तापमानाप्रमाणे आपोआप सुरू होणारे पंखे आले. एम. जी. बी. गाडीलाही तिच्या शेवटच्या काही वर्षांत तसे पंखे बसविण्यात आले.

तथापि पट्ट्याचे युग संपले असे मात्र नाही. विणकराचा यंत्रमाग, शेतावरील पंप, पिठाची गिरणी, कारखान्यातील हवा दाबण्याचे यंत्र, अशा असंख्य ठिकाणी तोच पाचरीसारखा पट्टा आजही काम करीत आहे, आणि घर्षणाचा तोच नियम पाळीत आहे. या सर्व ठिकाणी अंगठ्याने दाबून 'ठीक आहे' असे म्हणण्याची प्रथा रूढ आहे. अनुभवी अंगठ्याचा निर्णय बहुधा बरोबरही असतो. परंतु तो अनुभव दुसऱ्याला देता येत नाही; मापाचा आकडा देता येतो. एक पट्टी आणि एक स्प्रिंगकाटा यांच्या साहाय्याने पाच मिनिटांत घेतलेले हे माप इंजिनाला आणि बेअरिंगांना सारखेच दीर्घायुष्य देते.